जुन्या गाडीचं हेड परत बसवताना
लातूर-जालन्याकडं उन्हाळ्यात जुनी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर तापते आणि हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) उडतं. नवं टाकण्याआधी हेडच्या तळावर सरळ पट्टी तिरपी धरून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक बघा, अ‍ॅल्युमिनियमचं हेड असेल तर नक्कीच. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा. आत तेल-पाणी राहिलं तर टॉर्क पाना (बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा) खोटा आकडा दाखवतो, हेड दबत नाही; कधी ब्लॉकही तडकतो. आवळणं थंड इंजिनावर, मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, आकडा मॅन्युअलमधलाच. ‘हाताला कळतंय’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा द्या, पाना नको. मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी अजिबात नको, क्षार धरतो.