दोन भाषांच्या वॉर्डात: सही, तोंडी ऑर्डर आणि लपवलेला आजार

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात एकाच वॉर्डात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे पेशंट शेजारीशेजारी असतात. चंदगड, गडहिंग्लजकडून आलेलेही असतात. फॉर्म कन्नडात किंवा इंग्रजीत, राउंड इंग्रजीत आणि नातेवाइकांचे प्रश्न मराठीत. राउंड संपला की मधे उरते ती सिस्टर. औषध कुणाला द्यायचं, सही कुणाची घ्यायची, काय सांगायचं, हे प्रश्न रोजच्या कामाचे वाटतात. पण पेशंटला कळलंय का, हे आधी बघितलं नाही तर यांतला एकही नीट सुटत नाही.

नाव विचारण्याची रीत

"तुम्हीच मारुती पाटील ना?" असं कधी विचारू नका. कमी ऐकू येणारा किंवा आपली भाषा न समजणारा माणूस मान डोलावतो आणि आपण सुई टोचून मोकळे होतो. "नाव काय तुमचं? वडिलांचं?" असं विचारा, कन्नड पेशंटला "हेसरेनु?" म्हणा, आणि उत्तर हातातल्या पट्टीवरच्या आयपी नंबरशी (दाखल पेशंटच्या नंबरशी) जुळवा. या भागात एका वॉर्डात दोन मारुती पाटील किंवा दोन लक्ष्मी असणं नवीन नाही. त्यात एकाच नावाचं स्पेलिंग केसपेपरवर एक आणि लॅबच्या चिठ्ठीवर दुसरं. कॉट नंबरवर तर विसंबूच नका, पंख्याखाली जागा मिळावी म्हणून पेशंट आपसात कॉट बदलतात.

रक्त लावताना हे सगळं दोन सिस्टरांनी कॉटपाशी उभं राहून मोठ्यानं वाचायचं: नाव, आयपी नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत. टेबलावर वाचून एकटीनं पिशवी नेणं म्हणजे तपासणी नव्हे. पिशवी बाहेर आल्यापासून ३० मिनिटांत सुरू करा आणि ४ तासांत संपवा. पहिली १५ मिनिटं हळू सोडा आणि तिथंच थांबा, कारण चुकीच्या गटाची गंभीर रिॲक्शन बहुधा याच वेळात दिसते. त्या लाइनमधून नॉर्मल सलाइनशिवाय काही जाऊ द्यायचं नाही. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमनं गुठळ्या होतात, डेक्स्ट्रोजनं रक्तपेशी फुटतात.

सही म्हणजे समजणं नव्हे

सर्वांत जास्त घाई इथं होते. ऑपरेशनची यादी लागलेली असते, फाइलमध्ये कन्नड-इंग्रजी संमतीपत्र असतं आणि कुणीतरी म्हणतं, "सिस्टर, सही घेऊन ठेवा." ऑपरेशन काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, केलं नाही तर काय होईल, हे समजावणं डॉक्टरांचं काम आहे. सिस्टर साक्षीदार म्हणून सही करते तेव्हा ती एवढंच सांगते की याच माणसानं, शुद्धीवर असताना, कुणाच्या दबावाशिवाय सही केली. सही करताना पेशंटनं "पण पिशवी काढणार म्हणजे काय?" असं विचारलं, तर पेन खाली ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. तुम्हाला उत्तर येत असलं तरीही. तो प्रश्न म्हणजे समजावणं पुरं झालेलं नाही याची खूण आहे.

क्रम असा ठेवा. फॉर्मची भाषा पेशंटला वाचता येत नसेल तर दोन्ही भाषा येणाऱ्या कर्मचाऱ्यानं डॉक्टरांसमोर तो वाचून दाखवायचा. घरातलं मूल किंवा शेजारच्या कॉटवरचा माणूस दुभाषा म्हणून वापरायचा नाही. मूल आईला आजाराचं नाव सांगताना अडखळतं आणि धोक्याचं वाक्य गाळतं. मग पेशंटलाच विचारा, "आता काय करणार आहेत ते मला तुमच्या शब्दांत सांगा बघू." तो "अपेंडिक्स काढणार, पोट उघडावं लागलं तर मोठी चीर" इतपत बोलला तरी पुरे. "साहेब करतील ते" हे उत्तर पुरेसं नाही. शेवटी वाचून दाखवणाऱ्याचं नाव, भाषा आणि वेळ फॉर्मवर लिहून त्याची सही घ्या. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराचं पूर्ण नाव हवं.

एका गोष्टीसाठी संमती म्हणजे सगळ्याला संमती नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय, जिवाला तातडीचा धोका नसताना, "आता उघडलंच आहे" म्हणून काढता येत नाही.

नवऱ्याच्या सहीचा हट्ट तर सोडायलाच हवा. १८ वर्षांवरच्या बाईला कायदेशीर गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते. नसबंदीलाही नवऱ्याची सही लागत नाही. नवरा कामावरून येईपर्यंत तिला ताटकळत ठेवणं म्हणजे तिचा हक्क दुसऱ्याच्या हातात देणं.

रात्रीचा फोन

तोंडी ऑर्डर घेताना फाइल हातात हवी. आधी लिहा, मग लिहिलेलं वाचून दाखवा: औषध, मात्रा, युनिट, कुठल्या मार्गानं, किती वेळानं. आकडा सुटा म्हणा, "एक-पाच, पंधरा". फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात. डोपामिन-डोब्युटामिनसारखी नावं अक्षर-अक्षर करून विचारा. शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरला ऐकायला उभी करा. ऑर्डरीपुढे वेळ, डॉक्टरांचं नाव आणि "फोनवरून घेतली, वाचून दाखवली" असं लिहा, आणि २४ तासांच्या आत डॉक्टरांची सही घ्या. डॉक्टर चिडतील म्हणून पुन्हा न विचारणं हे सर्वांत धोक्याचं.

"याला काही झालं तर सीपीआर देऊ नका" (म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न करू नका) हे तोंडी कधीच घेऊ नका. जीवरक्षक उपचार थांबवण्यासाठी सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये आखलेली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली पद्धत आहे. त्यात डॉक्टरांची दोन मंडळं आणि लेखी नोंद लागते, आणि कर्नाटक सरकारनं २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठी परिपत्रक काढलं. लेखी निर्णय फाइलमध्ये नसेल तर सीपीआर सुरू करायचा.

इन्सुलिनची सिरिंज

आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची आणि एका मिलीत १०० युनिटची, दोन्ही इन्सुलिन मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर ०.२५ मिली जातं, म्हणजे २५ युनिट. उलट झालं तर १० ऐवजी ४ च युनिट जातात. घरून आणलेली बाटली वापरण्याआधी लेबल बघा, कारण पेशंटनं ती निपाणीत घेतली असेल आणि सिरिंज कागलला.

जास्त गेल्याचं लक्षात आलं तर लपवू नका, तिथं मिनिटं मोजायची असतात. लगेच ग्लुकोमीटरनं साखर बघा, डॉक्टरांना कळवा. पेशंट शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल आणि साखर ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडातून काही नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. इन्सुलिनचा अंमल असेपर्यंत तपासत राहा. चार्टवर जे झालं ते झालं तसंच लिहा. खोडायचं असेल तर एक आडवी रेघ, सही, वेळ. व्हाइटनर नाही, मागची तारीख नाही. घरच्यांना डॉक्टरांसोबत सांगा.

"बाबांना सांगू नका"

कॅन्सरचा रिपोर्ट आला की मुलगा बाहेर गाठतो. त्याच्या मनात प्रेमच असतं, म्हणून त्याला झिडकारू नका, पण वचनही देऊ नका. असं म्हणता येतं, "दादा, मी स्वतःहून काही सांगणार नाही. पण बाबांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. डॉक्टरांशी बोलणं करून देते." बाबांनी विचारलं तर, "तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय, की मुलाशी बोललेलं चालेल?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत नोंदवा आणि डॉक्टरांना सांगा. न जाणण्याचा निर्णय पेशंटचा असू शकतो, मुलाचा नाही. आणि "गाठीची सुई" म्हणून केमोसाठी घेतलेली सही पोकळ असते. रुग्ण हक्क सनदेतही पेशंटला कळेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नोंदलेला आहे.

एचआयव्हीचं वेगळं. २०१७ च्या कायद्यानं ती माहिती गुप्त आहे. कॉटवर, फळ्यावर, फाइलच्या कव्हरवर खूण करायची नाही. ग्लोव्हज सगळ्याच पेशंटच्या वेळी घालायचे.

औषध प्यायलेला पेशंट

शेतीचं औषध प्यायलेल्याला आणल्यावर घरचे विनवतात, "चुकून गेलं असं लिहा, केस होईल." त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद मात्र होणारच. कोण काय बोललं ते अवतरणात लिहा, स्वतःचा अंदाज नको.

ग्लोव्हज घालून कपडे काढा, अंग साबणानं धुवा, बाटली जपून ठेवा. ऑर्गनोफॉस्फेट (एका जातीचं कीटकनाशक) असेल तर त्यावरच्या ॲट्रोपिन या औषधाचा असर डोळ्यांच्या बाहुल्यांवरून नव्हे, छातीतली खरखर कमी झाली का यावरून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागतो, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि नेमकं २४ ते ९६ तासांच्या काळात श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. म्हणून दर ड्युटीला त्याला उशीवरून मान उचलायला सांगा. भाषा अडली तर स्वतः करून दाखवा. मान उचलत नसेल तर ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसत असला तरी लगेच डॉक्टरांना बोलवा आणि आयसीयूत व्हेंटिलेटर मोकळा आहे का ते विचारून ठेवा.