नगर भागातला मिशनचा इतिहास शोधायचाय? इथून सुरुवात करा

नगरकडं काही घरांत पणजीलाही लिहिता-वाचता यायचं, आणि कुठं शिकली विचारलं की उत्तर येतं "मिशनच्या शाळेत". तोच धागा पकडा, धर्मांतराच्या वादातून सुरुवात केली की बाकीचं काही हाती लागत नाही.

आधी मोजके सन लिहून घ्या. अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती मिशनरींच्या संस्थेचं काम मुंबईत १८१३ ला सुरू झालं, नगरला १८३१ ला. या मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरारबाई १८३९ ला मुंबईहून नगरला आल्या, त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी बघितल्या आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग त्यांच्याकडे घेतलं, म्हणजे फुल्यांच्या पुण्यातल्या शाळांचं एक मूळ नगरात आहे, आणि हे शाळेत कुणी नीट सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग ज्ञानोदयचे जुने अंक शोधा, १८४२ ला नगरहून निघालेलं पत्र. त्यातला १८५५ चा मुक्ता साळवेचा निबंध सावकाश वाचा. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर मग आम्ही मांग-महार धर्माविनाच, आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग, असं चौदा-एक वर्षांची मुलगी लिहिते. ती फुल्यांच्या शाळेतली, ख्रिस्ती नाही, तरी छापलं मिशनच्या पत्रानं. प्रभाव मोजायचा तो असा, नुसते बाप्तिस्मे मोजून नाही.

मिशनरींचे रिपोर्ट जपून वाचा, ते अमेरिकेत बोस्टनच्या मुख्य कचेरीला पाठवायचे, देणगीदारांसाठी, त्यामुळं साहेबांची नावं ठळक आणि गावोगाव शिकवत फिरणारे मास्तर, घरोघरी बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई एका ओळीत उरकलेल्या. त्यांची नावं हवी असतील तर मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बघा, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आधी भेटून रीतसर परवानगी घ्या.

आणि म्हाताऱ्या माणसांना गाणी म्हणायला लावा! कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांनी अभंग-ओवी चर्चमध्ये आणली, ती आजही पाठ असणारे भेटतील, मोबाईलवर रेकॉर्ड करा पण आधी विचारून, आणि कुठल्या गावात, कुणाकडून शिकलात हेही त्यांच्याच तोंडून घ्या.

नोंदवहीचे फोटो काढले तर एक कॉपी पाळकांकडे द्या, कागद पार जीर्ण झालेत.