‘सुपरवायझर रिकामा’ म्हणजे नेमके काय? सिंथेसिस टूलला कारण सांगायला लावताना

रॅमेज-वोनम पद्धतीत यंत्राचे मॉडेल (त्याच्या अवस्था आणि घटना) आणि पाळायच्या अटी दिल्या, की टूल त्या अटी पाळणारा नियंत्रक, म्हणजे सुपरवायझर, आपोआप तयार करते. त्यासाठी ते नको त्या अवस्था वगळत जाते. हे सिंथेसिस फसले, म्हणजे सुरुवातीची अवस्थाही वगळली गेली, की टूल बहुधा एवढेच सांगते: ‘सुपरवायझर रिकामा आहे’. खरे तर प्रत्येक अवस्था का वगळली हे टूलला त्या क्षणी ठाऊक असते. ते जपून ठेवा.

अवस्था वगळताना पावलाचा क्रमांक आणि कारण नोंदवा. कारणे तीनच: अट थेट मोडते, रोखता न येणारी घटना आधीच वगळलेल्या अवस्थेत नेते, किंवा अंतिम अवस्थेकडे (जिथे काम पूर्ण होते) जाणारी वाट उरलेली नाही. क्रमांक गाळू नका. क्रमांकामुळे प्रत्येक कारण आधीच्याच पावलाकडे बोट दाखवते आणि स्पष्टीकरण गोल फिरत नाही. बीडीडी (अवस्थांचे मोठे संच एकत्र साठवणारी आलेखरचना) वापरत असाल तर अवस्थागणिक नोंद परवडत नाही. पावलागणिक वगळलेला संच ठेवा आणि विचारल्यावर कारण काढा.

समजा, टाकी भरायची आहे. पंप चालू-बंद करणे आपल्या हातात. ‘पातळी वर’ (सेन्सरचा इशारा) आणि ‘ओसंडणे’ या घटना आपल्या हातात नाहीत. ‘भरली, पंप बंद’ ही अंतिम अवस्था. टूलने असे सांगावे:

ओसंडली: ‘ओसंडू नये’ ही अट मोडते.
पातळी वर, पंप चालू: ‘ओसंडणे’ रोखता येत नाही.
भरते आहे: ‘पातळी वर’ रोखता येत नाही.
रिकामी (सुरुवातीची): ‘पंप चालू’ मना करावे लागले, म्हणून अंतिम अवस्थेकडे वाट नाही.

आता दिसते की अट बरोबर आहे, मॉडेल अपुरे आहे. त्यात वेळ नाही, त्यामुळे पंप बंद होण्याआधीच पाणी ओसंडू शकते. सेन्सर काठापासून पुरेसा खाली असेल तर ‘पातळी वर’ येताच ओसंडणे शक्य नाही, हे मॉडेलमध्ये आणा. नसेल तर सेन्सरच खाली घ्या.

सर्वांत अवघड ते तिसरे कारण, कारण तिथे दोष एका घटनेचा नसतो. त्या भागातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या वाटा आणि प्रत्येक कशामुळे बंद झाली, हे दाखवा. त्याआधी अटींशिवाय मॉडेल तपासा. ते तिथेच अडकत असेल तर अटींना दोष देणे दिशाभूल करणारे ठरते.

अटी पुष्कळ असतील तर एकेक काढून सिंथेसिस पुन्हा चालवा. तरीही उत्तर रिकामेच आले तर ती अट बाहेरच ठेवा, नाहीतर परत घाला. शेवटी उरतात त्या एकमेकींशी भांडणाऱ्या अटी. असा संच एकच असेल असे मात्र नाही, आणि हेही वापरणाऱ्याला सांगा.

सुपरवायझर रिकामा नसला तरी कधीच परवानगी न मिळणाऱ्या घटनांची यादी द्या. ‘पंप चालू’ त्या यादीत दिसला, तर यंत्र सुरक्षित असेल, पण काम करणार नाही.