जुना ट्रॅक्टर पाणी खातोय? गळती शोधायची ती अशी

गळीत हंगाम लागला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यातले वीस-पंचवीस वर्षांचे ट्रॅक्टरही ऊस ओढायला बाहेर पडतात. एरवी कोळपणीला कुरकूर न करणारं इंजिन मागे भरलेल्या ट्रॉल्या आणि पुढे तवंदी घाटाचा चढ आला की तापतं. रेडिएटरची टोपी उघडून बघावं तर पाणी खाली गेलेलं. लगेच शेजारचा कुणीतरी निकाल देतो, "हेड गेलं!" हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलण्याआधी थांबा. पाणी जायला वाटा तीनच आहेत: बाहेर, ऑइलमध्ये, नाहीतर सायलेन्सरमधून. शोधही याच क्रमाने घ्यायचा, कारण पहिल्या वाटेचा दोष सगळ्यात स्वस्तात निघतो.

आधी बघा, गळती आहे तरी का

जुन्या बऱ्याच मॉडेलांना जादा पाण्याची बाटली नसते. रेडिएटर रोज सकाळी काठोकाठ भरला की गरम झालेलं पाणी फुगून ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं, आणि दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा काठोकाठ भरतो. ही गळती नव्हे. आतल्या नळ्या बुडून वर बोटभर राहील एवढंच पाणी ठेवा, काडीवर खूण करा आणि दोन-तीन दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर मोजा. खूण एका जागी थांबली तर विषय मिटला.

गरम इंजिनाची टोपी उघडू नका. वरचा होज पाईप हाताने आरामात धरता आला, तरच टोपीवर जाड फडकं टाकून ती पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या आणि मगच काढा.

बाहेरची गळती

इंजिनावरचं तेल, माती, पाचटाचा भुसा धुऊन काढा आणि वाळू द्या. चिखलणीहून आलेल्या खानापूरकडच्या ट्रॅक्टरवर तर धुतल्याशिवाय काही दिसणारच नाही. रात्री खाली कोरडा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय, त्याच्या बरोबर वर शोधायला लागा. पाणी ओघळत खाली येतं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा हीच खरी. संशय असेल त्या सांध्यावर टाल्कम पावडर मारली की ओली रेघ उठून दिसते.

होज पाईप दाबून पाहा. टोकाला फुगलेला, भेगाळलेला किंवा लिबलिबीत झालेला पाईप बदला. काही क्लिपा फक्त थंडीतच गळतात. डिसेंबरच्या पहाटे सांधा आकसलेला असतो तेव्हा थेंब पडतात आणि इंजिन तापलं की बंद होतात. म्हणून पहिली पाहणी सकाळी चावी मारण्याआधी करायची.

मग वॉटर पंप. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. तिथून पाणी टपकतंय म्हणजे आतलं सील गेलं. हे भोक एम-सील लावून बुजवणारे लोक आहेत. असं केलं की तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि एक दिवस पंखा डुगडुगत रेडिएटरची जाळी फाडतो. इंजिन बंद ठेवून पंख्याचं पातं हलवून बघा. खेळ जाणवला तर पंप उतरवा. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या डमी प्लगांभोवती गंजाचा ओघळ दिसतो का, तेही पाहा.

टोपीकडे तर कुणी बघतच नाही. तिची स्प्रिंग दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रबर कडक झालं की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि खाली एक थेंबही सापडत नाही. नवी टोपी घेताना जुनीवर छापलेला दाबाचा आकडाच मागा. मोठ्या आकड्याची टोपी लावली तर जुना रेडिएटर फुटतो.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तर हातपंपाने दाब देऊन तपासणारा गॅरेजवाला गाठा. टोपीवरच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू देऊ नका.

पाणी ऑइलमध्ये जातंय का

दाबाचा काटा पडतोय आणि बाहेर सगळं कोरडं, तर मामला आत आहे. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं की ओळखायला अवघड नाही. पण सुरुवातीला ते इतकं स्पष्ट नसतं. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा नट अगदी थोडा सैल करा आणि खाली काचेचा पेला धरा. आधी पाणी आणि मग ऑइल आलं, तर इंजिन चालवायचं नाही, बेअरिंगं जातील.

बऱ्याच ट्रॅक्टरांच्या इंजिनात लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळकांडी, थेट पाण्यात उभे असतात आणि खाली रबरी रिंगा पाणी अडवतात. जुन्या इंजिनात या रिंगा कडक होतात, किंवा लायनरलाच बाहेरून खड्डे पडत बारीक भोक पडतं. दाब दिल्यावर चेंबरमध्ये पाणी ठिबकतंय का, हे चेंबर उतरवून खालून बघितलं की कुठल्या लायनरचा दोष आहे तेही कळतं.

सायलेन्सरची वाट

पहाटे थोडा पांढरा धूर निघणारच. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची पॅकिंग, गेलेली किंवा हेडला तडा गेलेला. खात्री करायला थंड इंजिनाचा फॅन बेल्ट काढा, टोपी उघडून पाणी काठापर्यंत भरा आणि इंजिन सुरू करा. एका मिनिटाच्या आत बंद करायचं, कारण पंप फिरत नसतो. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर सिलेंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. हेड खोलायचं ते आता.

सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन अर्ध्यात अडकलं तर पुन्हा मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल फवारणारे नोझल काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येईल.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय आपल्याकडे जुना आहे. शेतातून घरी यायला ठीक, पण ती बारीक नळ्याही बुजवते. बोअरच्या खाऱ्या पाण्याचंही तेच, क्षारांचे थर बसत जातात. दुरुस्तीनंतर आतून धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात भरा. कूलंटमधली रसायनं लायनरला खड्डे पडू देत नाहीत. काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-जनावरं चाटतात.