रस्त्याकडेच्या दगडफुलांवर काम सुरू करताना

दगडफुलांतले जड धातू मोजायचे ठरवले तेव्हा मला सगळी ओढ यंत्राची होती. नमुना विरघळवायचा, शिसे, जस्त, तांबे यांचे आकडे घ्यायचे. आता नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, की आकड्याचा भरवसा दगडफूल ज्या झाडावरून घेतो त्या झाडापाशीच ठरतो.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार. त्याला मुळे नाहीत, पानावर असतो तसा मेणाचा थर नाही. पाणी आणि क्षार ते मुख्यतः पाऊस, धुके आणि धुळीतून घेते. त्यांतून आलेला धातू पेशीभित्तिकेला चिकटतो, कधी पेशीत शिरतो, कधी सूक्ष्म कणांच्या रूपात बुरशीच्या जाळ्यात अडकून राहतो. दगडफुलांचे अभ्यासक विल्यम नीलांडर यांनी १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांवरून हवेची पारख करता येते हे मांडले होते.

माझ्या पहिल्या नमुन्यांत लोह भरपूर निघाले. हा वाहनांचाच परिणाम, असे मी धरून चालले. मार्गदर्शकांनी एकच विचारले, "ॲल्युमिनियम किती आहे?" ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतून येते, आणि पाहिले तर लोह आणि ते सोबतच वर-खाली होत होते. मी मोजत होते ती बहुतांशी रस्त्याकडेची माती! तेव्हापासून प्रत्येक धातूचे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढते आणि तिथल्या मातीतल्या गुणोत्तराशी ताडून पाहते. त्यासाठी मातीचा नमुनाही त्याच दिवशी घ्यावा.

वाहनांचा माग काढायला मला अँटिमनी सर्वांत भरवशाचे वाटते. ते ब्रेकच्या अस्तरांत असते आणि मातीत फारच थोडे. तांबेही ब्रेकमधून येते, जस्त टायरच्या झिजेतून. पण जस्ताचा मुलामा दिलेला कठडा जवळ असेल, तर जस्ताच्या आकड्यावर विसंबू नका. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगात २०२१ मध्ये थांबली, तरी कडेच्या मातीत साठलेले जुने शिसे धुळीबरोबर पुन्हा उडते.

रस्त्यालगत दगडफुले उरलेलीच नसतात असे पुष्कळदा होते. मग स्वच्छ जागेची दगडफुले फांदीसकट आणून काही महिने टांगतात. यातली थोडी सुरुवातीलाच बाजूला ठेवा. नंतरचे प्रमाण भागिले आधीचे प्रमाण हेच उत्तर असते, आणि आधीचा नमुना नसेल तर सगळे महिने वाया जातात. शक्य असेल तर काही दगडफुले स्वच्छ जागीही टांगून ठेवा.

गोळा करताना झाडाची जात आणि खोडावरची उंची सगळीकडे एकच ठेवा. कडेचे काही मिलिमीटरच घ्या, तो भाग नवा असतो. बहुतेक जातींची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, म्हणून एका खोडावरची सगळी खरवडून आणू नका, मला ते बघवत नाही. स्टीलच्या चाकूऐवजी प्लास्टिकची पाती वापरा. साल आणि किडे सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने काढा. नमुना धुवावा की नाही यावर मतभेद आहेत. मी धुवत नाही, कारण अडकलेले कण हीसुद्धा हवेचीच नोंद असते.

आणि आधीच्या आठवड्यातला पाऊस वहीत लिहा. जोराच्या सरीने वरचे कण वाहून जातात, आणि त्यानंतर आणलेला नमुना कोरड्या दिवसांतल्या नमुन्याशेजारी ठेवता येत नाही.