परदेशात भारतीय नंबरवर ओटीपी येत नाही? या चुका टाळा

परदेशात राहणाऱ्याला भारतातला नंबर लागतो तो मुख्यतः बँकेच्या ओटीपीसाठी. तो आला नाही की बरेच जण घाईघाईने डेटा रोमिंग सुरू करतात. ही सर्रास होणारी चूक आहे. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. सिमची तिथल्या एखाद्या नेटवर्कवर नोंद झालेली असली की पुरे. उलट पॅक नसताना डेटा सुरू केला, तर मागे चालणारी अ‍ॅप्स बघता बघता शिल्लक संपवतात. इंटरनेटसाठी तिथलं सिम वापरा आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंदच ठेवा.

आता भारतीय सिमसमोर कुठल्या कंपनीचं नाव दिसतंय ते पाहा.

‘नो सर्व्हिस’ असेल तर वायफायवरून कंपनीचं अ‍ॅप उघडा. रिचार्जची मुदत संपली आहे का, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे का, हे तपासा. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. त्या नंबरच्या शिल्लकेत २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवसांची वाढ मिळते. पण नंबर टिकणं वेगळं आणि त्यावर एसएमएस येत राहणं वेगळं. त्यासाठी चालू मुदतीचं रिचार्ज लागतंच. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि मग तुमच्या बँक खात्याचे मेसेज त्याच्याकडे जाऊ लागतात, म्हणून इथे हयगय नको.

रिचार्ज आणि रोमिंग दोन्ही ठीक असूनही सिग्नल नसेल तर नेटवर्क हाताने निवडा. सेटिंगमध्ये भारतीय सिमच्या नेटवर्क ऑपरेटरमधलं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा, यादी यायला एक-दोन मिनिटं थांबा आणि एकेक नाव निवडून पाहा. एखाद्या नेटवर्कने सिमला एकदा नकार दिला की सिम ते नाव नाकारलेल्यांच्या यादीत साठवून ठेवतं, आणि फोन आपणहून पुन्हा तिकडे वळत नाही. हाताने निवडून नोंद झाली की ते नाव यादीतून निघतं. नंतर ‘ऑटोमॅटिक’ परत सुरू करा.

‘फोर-जी कॉलिंग’ किंवा व्होल्टी, म्हणजे फोर-जी नेटवर्कवरूनच कॉल करण्याची सोय, बंद ठेवणं ही आणखी एक चूक. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ते गेलं. तिथे व्होल्टी रोमिंग नसेल तर इंटरनेट चालेल, कॉल लागणार नाही. तुमच्या कंपनीचं व्होल्टी रोमिंग त्या देशात आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारा.

नेटवर्क दिसतंय, तरी ओटीपी नाही? आधी मेसेज अ‍ॅपमधले ‘स्पॅम’ आणि ‘अनोळखी’ हे कप्पे उघडा. तिथेही नसेल तर विमान मोड अर्धा मिनिट सुरू ठेवून बंद करा, म्हणजे नोंद नव्याने होते आणि अडकलेले मेसेज एकदम येतात. ‘पुन्हा पाठवा’ सारखं दाबू नका. नवा ओटीपी मागितला की जुना सहसा बाद होतो, आणि फार वेळा मागितला तर बँक व्यवहार अडवते.

सिम बदललं किंवा ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच भरलं जाणारं सिम) घेतलं की भारतात पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. ही फसवणूक रोखण्याची तरतूद आहे, बिघाड नव्हे. म्हणून विमानाच्या आदल्या रात्री सिम बदलू नका, चार दिवस आधी उरका. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला ‘आयफोन १४’ पासून सिमची खाचच नाही. तिथे जाऊन आयफोन घ्यायचा असेल तर ई-सिम भारतातूनच करून न्या. ते करताना त्याच नंबरवरून एसएमएस पाठवून खात्री करावी लागते, आणि परदेशात तिथेच गाडी अडते. शिवाय तिथल्या मोबाइल कंपनीने लॉक केलेल्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, तेव्हा अनलॉक फोनच घ्या.

यूपीआयची गोष्ट वेगळी. नव्या फोनवर नोंदणी करताना अ‍ॅप तुमच्याच सिमवरून एसएमएस पाठवतं, त्यामुळे नुसता येणारा नव्हे तर जाणारा एसएमएसही चालू असावा लागतो आणि त्याला रोमिंगचा दर पडतो. २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिरातीसह दहा देशांतले नंबर अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांच्या यूपीआयसाठी खुले केले. बँक ती सोय देत असेल तर तिथलाच नंबर जोडा.