पेल्टियर मॉड्यूलपासून घरीच इन्फ्रारेड डिटेक्टर, आणि तिथनं पुढं टू-डी मटेरियलपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं टू-डी (म्हणजे मोजक्या अणूंच्या थराएवढ्या पातळ) थर्मोइलेक्ट्रिक (उष्णतेतनं वीज करणाऱ्या) मटेरियलचा इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण ओळखणारा) डिटेक्टर असा भारी विषय प्रोजेक्टला घेतात आणि कॉलेजात क्लीनरूम (धूळ नसलेली खास प्रयोगशाळा) नाही म्हणून नुसतं पीपीटी करून मोकळी होतात. तसं करू नका, कारण यातलं मूळ तत्त्व साध्या सामानात मोजून बघता येतं.

तत्त्व काय, तर मटेरियलचं एक टोक गरम आणि दुसरं गार असलं की दोन टोकांत व्होल्टेज तयार होतं. सीबेक या शास्त्रज्ञानं हा परिणाम १८२१ मध्ये शोधला. गरम करायचं काम इन्फ्रारेड किरणांनी केलं की झाला डिटेक्टर, त्याला बॅटरीसुद्धा लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १२७०६ नंबरचं पेल्टियर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम करणारी चपटी वडी, आपण ती उलटी वापरणार) मागा. जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), थर्मल पेस्ट आणि २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला मल्टीमीटर एवढंच अजून लागतंय. या मॉड्यूलच्या आत बिस्मथ टेल्युराइड या थर्मोइलेक्ट्रिक मटेरियलच्या तुकड्यांच्या १२७ जोड्या असतात, एका जोडीला एका डिग्रीमागं साधारण ४०० मायक्रोव्होल्ट धरले तर सगळ्या मिळून ५० मिलिव्होल्टच्या आसपास येतात, म्हणजे डिग्रीचा शंभरावा भागसुद्धा मीटरवर दिसू शकतो बघा.

आता अॅल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यावर कापराची काजळी धरा, थर चांगला जाड बसू दे, पातळ काजळीतनं लांब तरंगलांबीचे किरण थोडे आरपार जातात. ज्योत थेट मॉड्यूलला लावायची नाही, आतलं सोल्डर वितळेल. फॉइल गार झालं की काजळीची बाजू वर ठेवून पेस्टनं मॉड्यूलच्या एका बाजूला चिकटवा, दुसऱ्या बाजूला हीटसिंक, आणि भोवतीनं पुठ्ठ्याची नळी. आपल्याकडं पावसाळ्यात वारं जोरात असतंय त्यामुळं खिडकी लावून घ्या नाहीतर रीडिंग नाचत राहतं, आणि हीटसिंकला हात लावला असेल तर शून्य स्थिर होईपर्यंत थांबा.

मग तळहात समोर धरा, एखाद-दुसरा मिलिव्होल्ट हलायला पाहिजे. गरम इस्त्री धरली तर चांगलंच हलतं, फक्त ती बाजूला धरा, खाली नको, गरम हवा वर चढते आणि मग किरणांचा परिणाम कुठला नि हवेचा कुठला कळत नाही. याची खात्री करायची तर मधे आधी काच धरा आणि नंतर कचऱ्याची पातळ काळी पॉलिथिनची पिशवी. हाताची उष्णता मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपासची, ती काचेतनं जात नाही पण डोळ्याला काळ्या दिसणाऱ्या पिशवीतनं बरीचशी जाते. हा प्रयोग प्रोजेक्टमध्ये घालाच, परीक्षकांना एका नजरेत पटतं.

रीडिंग सावकाश चढतं हे तुम्हाला दिसेल, कारण एवढा जाड तुकडा तापायलाच वेळ लागतो. टू-डीची गरज इथं कळते. बिस्मथ टेल्युराइड मुळातच थरांचं मटेरियल, पाच अणूंचा एक थर साधारण १ नॅनोमीटर जाड आणि दोन थरांमधलं बंधन कमजोर, त्यामुळं चिकटपट्टीनं थर सुटतात, गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्राफीन (कार्बनचा एका अणूएवढा जाड थर) मिळवलं तसे. इतक्या पातळ थरात तापायला वस्तुमानच नाही म्हणून तो झटकन प्रतिसाद देतो, ग्राफीनमध्ये तर इलेक्ट्रॉन आधी तापतात आणि काम पिकोसेकंदात होतं. मात्र मॉड्यूल फोडून आतलं खरवडायला जाऊ नका, टेल्युरियमची धूळ विषारी आहे आणि तसले थर त्यातनं निघतही नाहीत, त्याला सिंगल क्रिस्टल (सलग एकच स्फटिक) लागतो.

खरं डिव्हाइस करायचंच असेल तर बेंगळूरच्या आयआयएससीत किंवा आयआयटी मुंबईत आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅम) ही सरकारी योजना आहे, बाहेरच्या कॉलेजवाल्यांना तिथं नॅनोफॅब्रिकेशनच्या (अतिसूक्ष्म डिव्हाइस बनवायच्या) सोयी वापरता येतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीत बेंगळूरला नेते, त्यामुळं लांब म्हणून सोडू नका.

प्रपोजलमध्ये दोन गोष्टी नीट लिहा. प्रकाश दोन्ही इलेक्ट्रोडवर (थराच्या दोन टोकांना जोडलेल्या धातूच्या पट्ट्यांवर) सारखा पडला आणि दोन्ही एकाच धातूचे असले तर व्होल्टेज एकमेकांना खाऊन शून्य येतं, म्हणून एकाच टोकावर प्रकाश टाका नाहीतर इलेक्ट्रोड वेगळ्या धातूंचे घ्या. दुसरं म्हणजे खालचा सबस्ट्रेट (थर ज्यावर ठेवतात तो आधार) उष्णता ओढून घेतो, तेव्हा थर खड्ड्यावर अधांतरी ठेवणार की कमी उष्णता वाहणाऱ्या सबस्ट्रेटवर, ते आधीच ठरवा. सोबत पेल्टियरचं काच आणि पिशवीचं रीडिंग ग्राफ काढून जोडा.